खर्डा, कीर्द आणि विझलेला पडदा

परतीच्या पावसाचे दिवस होते, सोयाबीनची आवक ऐन भरात आली होती, आणि बीदरच्या गांधीगंजातील एका आडत दुकानात हिशेब लिहिणारा माझा भाचा सकाळपासून संगणकासमोर बसून शेतकऱ्यांच्या पट्ट्या नोंदवीत होता. कोणाची किती पोती उतरली, काट्यावर वजन काय भरले, सौद्यात भाव काय निघाला, हमाली, तोलाई व आडत वजा जाता शेतकऱ्याच्या हाती काय पडायचे, हे रकाने भरता भरता दुपार टळली; आभाळ काळवंडून आले, जवळच कोठेतरी वीज कडाडली, आणि दुकानातील पंखा, दिवा व संगणक एकाच क्षणी निमाले. सायंकाळी नौबादला घरी आल्यावर तो उंबऱ्यातच थबकला आणि म्हणाला, ‘मामा, दिवसभराचं सगळं गेलं की हो.’

त्याच्या या उद्गारात जी हताशता होती तिचा अनुभव संगणकावर कोष्टके लिहिणाऱ्या बहुतेकांनी कधी ना कधी घेतलेला असतो. मग तो शाळेचा पटावरील हजेरी-तक्ता असो, बचतगटाचा जमाखर्च असो, की ग्रामपंचायतीच्या घरपट्टीची यादी असो. परंतु ‘सगळे गेले’ हे विधान अशा प्रसंगी क्वचितच संपूर्णतः खरे असते, आणि ‘सगळे परत मिळेल’ हे आश्वासनही तितकेच क्वचित खरे ठरते. या दोहोंच्या मध्ये सत्य नेमके कोठे असते, हे ज्याला ठाऊक आहे तोच हरवलेल्या कामाचा शोध शांतचित्ताने घेऊ शकतो. म्हणून वीज गेल्यावर संगणकाच्या पोटात काय घडते, काय पुसले जाते आणि काय उरते, याचे विवेचन प्रथम केले पाहिजे.

संगणकाला दोन प्रकारच्या स्मृती असतात. आपण कोष्टकात एखादा आकडा लिहितो तेव्हा तो प्रथम ‘रॅम’ नावाच्या तात्पुरत्या स्मृतीत जातो. आयबीएम या संस्थेतील रॉबर्ट डेनार्ड या अभियंत्याला १९६८ साली ज्या रचनेचे पेटंट मिळाले, तीवर आजची ही स्मृती आधारलेली आहे. तिच्यात माहितीचा प्रत्येक कण एका अतिसूक्ष्म धारित्रातील विद्युत्भाराच्या रूपाने राहतो. परंतु हा भार झिरपणाऱ्या मडक्यातील पाण्याप्रमाणे सतत ओसरत असल्यामुळे संगणकाला तो सामान्यतः दर ६४ सहस्रांश सेकंदांच्या आत, म्हणजे सेकंदाला पंधरा-सोळा वेळा, पुन्हा भरावा लागतो. वीज गेली की हे भरणे थांबते, आणि क्षणार्धात मडके कोरडे पडते. दुसरी स्मृती कायमची. तबकडीवरील चुंबकीय खुणांच्या रूपाने, किंवा तोशिबा कंपनीतील फुजिओ मासुओका यांनी १९८०च्या दशकात पुढे आणलेल्या ‘फ्लॅश’ चकत्यांत कोंडून ठेवलेल्या विद्युत्भाराच्या रूपाने, ती विजेवाचूनही टिकते. आपण ‘सेव्ह’ची आज्ञा देतो तेव्हा पहिल्या स्मृतीतील मजकूर दुसऱ्या स्मृतीत उतरविला जातो. यावरून एक सिद्धान्त निघतो, आणि पुढील सारे विवेचन त्यावर उभे आहे: वीज जाण्यापूर्वी जे कायमच्या स्मृतीत, कोठल्याही रूपाने का होईना, लिहिले गेले तेच परत मिळू शकते, जे लिहिलेच गेले नाही ते जगातील कोणतीही युक्ती परत आणू शकत नाही.

आपल्याकडील जुन्या हिशेबनविसांना हा सिद्धान्त नवा वाटला नसता. पेढीवर किंवा कचेरीत व्यवहार घडताक्षणीच तो प्रथम खर्ड्यावर टिपला जाई. खर्ड्यावरून दिवसाची रोजकीर्द लिहिली जाई. कीर्दीवरून खतावणीत ज्याच्या त्याच्या खात्यावर रकमा चढत. खतावणीवरून तेरीज निघे आणि वर्षअखेरीस ताळेबंद. आपल्या या सीमाभागात त्या कागदांची लिपी बदलत गेली, एकाच घराण्याच्या दप्तरात मोडी, उर्दू आणि कानडी असे तिन्ही प्रकारचे कागद एका बासनात बांधलेले आढळतात. परंतु लेखनाचा क्रम बदलला नाही. त्या क्रमात मोठे शहाणपण साठविलेले होते. खतावणी वाळवीने खाल्ली तर कीर्दीवरून ती पुन्हा उभी करता येई, कीर्दीचे पान फाटले तर खर्ड्यावरून ते भरून काढता येई; कारण प्रत्येक पक्क्या नोंदीच्या मागे तिच्यापूर्वी लिहिलेली एक कच्ची नोंद साक्षीला उभी असे.

आधुनिक संगणकाच्या निर्मात्यांनाही, वेगळ्या वाटेने का होईना, याच तजविजीपाशी यावे लागले. विंडोज या प्रणालीत १९९३ पासून तबकडीची जी एनटीएफएस नावाची मांडणी प्रचारात आली, ती तबकडीच्या रचनेत फेरफार करण्याआधी तो फेरफार एका निराळ्या वहीत नोंदविते आणि मगच तो अमलात आणते. मध्येच वीज गेली तर पुन्हा सुरू होताना ती वही वाचून अर्धवट राहिलेले काम पुरे तरी करते किंवा मागे तरी घेते. इंग्रजीत या वहीला ‘जर्नल’ म्हणतात, आणि त्या शब्दाला कीर्द याहून समर्पक मराठी प्रतिशब्द मला सुचत नाही. मात्र ही कीर्द तबकडीच्या फडताळाची आहे, आपल्या आकड्यांची नव्हे: फडताळ मोडू नये एवढीच हमी ती देते. आपल्या आकड्यांसाठी खर्डा ठेवण्याचे काम कोष्टक लिहिणाऱ्या कार्यक्रमाला स्वतःच करावे लागते.

१९७९ साली डॅन ब्रिकलिन आणि बॉब फ्रँकस्टन या दोघा अमेरिकी तरुणांनी ‘व्हिजिकॅल्क’ हे संगणकावरील पहिले लोकप्रिय कोष्टक ॲपल कंपनीच्या यंत्रासाठी सिद्ध केले. १९८३ साली ‘लोटस १-२-३’ आले. आणि १९८५ साली मायक्रोसॉफ्टचे ‘एक्सेल’ प्रथम मॅकिन्टॉश यंत्रावर व दोन वर्षांनी विंडोजवर अवतरले. आज एक्सेलच्या एका पानात १०,४८,५७६ ओळी आणि १६,३८४ स्तंभ मावतात. इतक्या विस्ताराचे काम मनुष्याच्या ‘सेव्ह’ करण्याच्या आठवणीवर सोडून भागणार नाही, हे ओळखून त्यात ‘ऑटोरिकव्हर’ नावाची सोय करण्यात आली. या सोयीचे स्वरूप खर्ड्याचेच आहे: आपण सांगो वा न सांगो, ठराविक मुदतीने, आणि ही मुदत मुळात दहा मिनिटांची ठेवलेली असते, कार्यक्रम आपल्या कामाची एक कच्ची प्रत तबकडीच्या एका कोपऱ्यात लिहून ठेवतो. काम रीतसर जतन करून कार्यक्रम बंद केला की खर्ड्याचे प्रयोजन संपते आणि तो नाहीसा केला जातो. पण वीज गेली तर तो पुसायला कोणी उरत नाही, म्हणून तो जागेवरच राहतो.

नौबादच्या रहिवाशाला ही दहा मिनिटांची गोष्ट समजावून सांगण्यास फार दूर जावे लागत नाही, कारण आमच्या पायांखालीच तिचे प्रतिरूप आहे. पंधराव्या शतकात, बहमनींची राजधानी गुलबर्ग्याहून बीदरला आल्यानंतरच्या काळात, इराणी पद्धतीचे जे भुयारी जलमार्ग या जांभ्या दगडाच्या पठारात खोदले गेले, त्यांपैकी नौबादचा करेज सर्वपरिचित आहे. कानडीत त्याला ‘सुरंग बावी’ म्हणतात. जमिनीखालून दोन-तीन किलोमीटर जाणाऱ्या त्या मार्गावर अंतराअंतराने वीसेक उभ्या विहिरी आहेत. खोदताना माती वर काढावी, आत हवा खेळावी आणि पुढे गाळ उपसता यावा, म्हणून त्या ठेवल्या गेल्या. भुयार कोठे ढासळले तर शोध साऱ्या मार्गाचा घ्यावा लागत नाही. ज्या दोन विहिरींच्या मध्ये पाणी अडले तेवढाच टप्पा मोकळा करावा लागतो. विहिरी जितक्या जवळ तितके संकट लहान. ऑटोरिकव्हरच्या दोन नोंदींमधील मिनिटे ही अशाच दोन विहिरींमधील अंतरासारखी असतात: दहा मिनिटांची मुदत असेल तर दहा मिनिटांचे काम धोक्यात, दोन मिनिटांची असेल तर दोन मिनिटांचे.

आता प्रत्यक्ष शोधाचा क्रम पाहू. वीज परत आल्यावर पहिले कर्तव्य उतावळेपणा न करण्याचे आहे. त्या संगणकावर नवी कामे काढू नयेत, तात्पुरत्या फायली साफ करणारा कोणताही कार्यक्रम चालवू नये, आणि हरवलेले कोष्टक त्याच नावाने पुन्हा लिहावयास घेऊ नये. मग एक्सेल उघडावे. पुष्कळदा पडद्याच्या डाव्या बाजूस ‘डॉक्युमेंट रिकव्हरी’ या मथळ्याखाली वाचलेल्या प्रतींची यादी आपोआप समोर येते आणि प्रत्येकीपुढे तिची वेळ लिहिलेली असते. घाईने ती यादी बंद न करता एकेक प्रत उघडून पाहावी. कोणती मूळची, कोणती खर्ड्यावरची, कोणतीत शेवटचे आकडे आहेत, याची शहानिशा करावी. आणि जी अधिक पूर्ण वाटेल ती निराळ्या नावाने जतन करावी. मूळ फायलीवर ती लगेच चढवू नये, कारण दोहोंत काही ओळी कमीअधिक असल्या तर पुढे ताडून पाहण्यास दोन्ही प्रती लागतात.

यादी समोर आली नाही, किंवा कोष्टकाला एकदाही नाव दिलेले नव्हते, तर ‘फाइल’ या शब्दावरून ‘इन्फो’मध्ये जावे, तेथे ‘मॅनेज वर्कबुक’ या कळीखाली ‘रिकव्हर अनसेव्ह्ड वर्कबुक्स’ असा पर्याय आहे. तो ज्या फोल्डराचे दार उघडतो तेथे आपल्याला हातानेही पोहोचता येते: सी ड्राइव्हमधील ‘यूजर्स’, त्यात आपल्या नावाचा फोल्डर, त्यात ‘ॲपडेटा’, मग ‘लोकल’, ‘मायक्रोसॉफ्ट’, ‘ऑफिस’ आणि शेवटी ‘अनसेव्हडफाइल्स’. ज्या कामाला पूर्वी नाव दिलेले होते त्याचे खर्डे ‘ॲपडेटा’तीलच ‘रोमिंग’ या शाखेत, ‘मायक्रोसॉफ्ट’खालच्या ‘एक्सेल’ फोल्डरात पडलेले असतात. ‘ॲपडेटा’ हा फोल्डर सामान्यतः दडविलेला असल्याने फायली पाहण्याच्या खिडकीत ‘व्ह्यू’मधून दडलेल्या वस्तू दाखविण्याची आज्ञा द्यावी लागते. या ठिकाणी विलंब घातक आहे. नाव न दिलेल्या कोष्टकाची प्रत तयार झाल्यापासून चारच दिवस तेथे ठेवली जाते. आठवड्याने आठवण झालेल्या माणसाला तेथे रिकामा फोल्डर दिसण्याचा संभव मोठा, म्हणून शोध त्याच दिवशी, निदान दुसऱ्या दिवशी घ्यावा.

कधी वीज नेमकी जतन करण्याच्या क्षणीच जाते, आणि मग वेगळीच अवस्था उत्पन्न होते. एक्सेल जुन्या फायलीवर थेट लिहीत नाही; ते त्याच फोल्डरात काही अक्षरांचे व अंकांचे विचित्र नाव असलेली तात्पुरती फाइल लिहिते, ती पूर्ण झाल्यावर जुनी काढून टाकते, आणि नवीला मूळचे नाव देते. या तीन पायऱ्यांच्या मध्येच अंधार झाला तर मूळ नाव दिसत नाही, परंतु विचित्र नावाची फाइल मागे राहते. तिची नक्कल करून नकलेला नेहमीचे एक्सएलएसएक्स हे प्रत्यय-नाव द्यावे आणि ‘ओपन अँड रिपेअर’ या आज्ञेने ती उघडून पाहावी. लेखन पुरे झालेले असेल तर काम जसेच्या तसे सापडते. त्याच फोल्डरात नागमोडी रेघ आणि डॉलरचे चिन्ह नावाच्या आरंभी असलेली आणखी एक छोटी फाइल दिसते व ती पाहून आशा पल्लवित होते. परंतु कोष्टक कोणी उघडले आहे त्याचे नाव तेवढे तिच्यात असते, आकडा एकही नसतो.

यानंतरचा उपाय पुसलेल्या फायली शोधणाऱ्या कार्यक्रमांचा. चुंबकीय तबकडीवरून फाइल काढून टाकली तरी बहुधा तिची अनुक्रमणिकेतील नोंदच काढली जाते. मूळ मजकूर, त्या जागेवर दुसरे काही लिहिले जाईपर्यंत, तसाच राहतो. म्हणून असा कार्यक्रम त्याच तबकडीवर उतरवून घेणे म्हणजे शोधावयाच्या वस्तूवर स्वतःच माती लोटण्यासारखे होय; तो दुसऱ्या तबकडीवर वा पेनड्राइव्हवर ठेवूनच चालवावा. फ्लॅश चकत्यांच्या नव्या ‘एसएसडी’वर मात्र ही आशा फार थोडी असते. मोकळी झालेली जागा पुढील लेखनासाठी त्या आधीच कोरी करून ठेवतात. आणि येथे पुन्हा मूळ सिद्धान्ताची आठवण ठेवावी: हे कार्यक्रम पुसलेले शोधतात, कधीच न लिहिलेले नव्हे.

माझ्या भाच्याच्या बाबतीत दुसऱ्या दिवशी सकाळी यादी आपोआप समोर आली. सकाळपासूनच्या जवळजवळ सर्व ओळी तीत होत्या. वीज कडाडण्यापूर्वीच्या अखेरच्या काही मिनिटांतील नऊ पट्ट्या तेवढ्या नव्हत्या. त्या नऊ ओळी परत आल्या त्या संगणकातून आल्या नाहीत. शेतकऱ्याला दिलेल्या प्रत्येक पट्टीची कार्बन प्रत दुकानातील पुस्तकात होती, काट्यावरच्या मापाड्याने वजने आपल्या वहीत टिपली होती, आणि दोन्ही ताडून पाहता सारे आकडे अर्ध्या तासात जुळले. त्या घटनेने मला जे शिकविले ते कोणत्याही मार्गदर्शिकेत वाचलेल्यापेक्षा अधिक मोलाचे वाटते. खर्डा यंत्रात असो वा कागदावर, तो मूळ नोंदीहून वेगळ्या जागी आणि वेगळ्या हातचा असावा, म्हणजे एकाच आघाताने दोन्ही नष्ट होत नाहीत.

याचे एक मोठे उदाहरण बीदरनेच जगाला दिले आहे. बहमनी वजीर महमूद गवान याने १४७२ साली येथे उभारलेल्या मदरशाचा मोठा भाग सतराव्या शतकाच्या अखेरीस कोसळला, आणि त्याचा प्रसिद्ध ग्रंथसंग्रह आज तेथे नाही. स्वतः गवानही १४८१ साली राजाज्ञेने मारला गेला. पण त्याने लिहिलेल्या पत्रांचा ‘रियाझुल इन्शा’ हा संग्रह आज अभ्यासकांना वाचता येतो, कारण त्याच्या नकला झाल्या होत्या आणि त्या दूरदूरच्या ग्रंथालयांत जाऊन पोहोचल्या होत्या. जे एकाच वास्तूत होते ते वास्तूबरोबर गेले, जे अनेकांच्या फडताळांत होते ते उरले.

म्हणून शोधाच्या युक्त्यांपेक्षा पूर्वतयारीचे महत्त्व अधिक, आणि ती तयारी खर्चाची नसून बहुतांशी सवयीची आहे. एक्सेलच्या ‘ऑप्शन्स’मध्ये ‘सेव्ह’ या सदरात ऑटोरिकव्हरची मुदत दहावरून तीन वा पाच मिनिटांवर आणावी, आणि न जतन करता बंद केल्यास शेवटची प्रत ठेवण्याच्या चौकटीत खूण आहे ना, हे पाहावे. ‘सेव्ह ॲज’च्या खिडकीत ‘टूल्स’मधील ‘जनरल ऑप्शन्स’ येथे मागील प्रत नेहमी राखण्याची सोय आहे. तिने प्रत्येक वेळी आदल्या जतनाची प्रत एक्सएलके या प्रत्यय-नावाने शेजारीच राहते. लिब्रेऑफिस वापरणाऱ्यांनाही ठराविक मुदतीचा खर्डा आणि मागील प्रत या दोन्ही सोयी त्याच्या ‘ऑप्शन्स’मध्ये सापडतील. गूगल शीट्समध्ये, किंवा वनड्राइव्हवर ठेवलेल्या एक्सेल फायलीत, जतन अखंड चालू असते व जुन्या आवृत्त्यांकडे परतता येते. मात्र त्यासाठी इंटरनेट चालू असावे लागते, आणि जेथे ते वरचेवर खंडित होते अशा गावी केवळ त्यावर भिस्त ठेवणे सुज्ञपणाचे नाही. यूपीएसची लहानशी पेटी वीज गेल्यावर जी काही मिनिटे देते ती पुढे काम करण्यासाठी नसून काम जतन करून यंत्र रीतसर बंद करण्यासाठी आहेत, हे मुलांना बजावून सांगितले पाहिजे. आणि सायंकाळी दुकान मिटताना दिवसाची एक प्रत पेनड्राइव्हवर काढून ती दुकानाबाहेर नेली पाहिजे.

कोष्टकातील एक ओळ ही पाहणाऱ्याला केवळ आकड्यांची रांग वाटते; परंतु गंजातील त्या ओळीमागे भालकी-औरादकडच्या कोणा कुटुंबाचा मृगापासून दसऱ्यापर्यंतचा घाम असतो, बियाण्याची उधारी असते, मुलीच्या शिक्षणाचा खर्च असतो, आणि पट्टीतील एका चुकलेल्या अंकाने त्या घराचे गणित बिघडू शकते. नोंद सांभाळणे हे म्हणून केवळ यंत्राचे काम नाही. ती दुसऱ्याच्या श्रमाची राखलेली ठेव आहे, आणि जुने मुनीम दिव्याच्या उजेडात डोळे ताणून रात्री कीर्द पुरी करूनच उठत ते याच जाणिवेने.

त्या मुनिमांची आणखी एक रीत होती. कीर्दीचे पान उघडले की पहिली रक्कम लिहिण्यापूर्वी ते माथ्यावर श्री काढीत, मिती व वार लिहीत, आणि मगच जमेच्या बाजूकडे वळत. पान कोणाचे आणि कोणत्या दिवसाचे, हे ठरल्यावाचून त्यावर आकडा पडत नसे. माझा भाचा आता सकाळी नवे कोष्टक उघडतो तेव्हा पहिली पट्टी हाती घेण्याआधी रिकाम्या पानालाच त्या दिवसाच्या तारखेचे नाव देतो, कंट्रोल आणि एस या दोन कळा दाबून ते जतन करतो, आणि मग पहिल्या शेतकऱ्याचे नाव लिहावयास घेतो.